पुसलेली प्रत

आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली होती, म्हणून या हंगामात संस्थेने गावोगावी सापळे लावले. सापळ्यात किती पतंग पडले ते पाहून कोणत्या गावाला आधी सावध करायचं हे ठरे. झरीकडचे आकडे बेबीताई भरत, पांढरकवड्याचे उर्वशी. फाईल एकच, पण दोन्ही कॉम्प्युटरांवर. झरीचं नेट गेलं तरी ताईंचं काम तिथल्या प्रतीत चाले आणि नेट आलं की दोन्हीकडचं जुळे. दोघींनी एकाच वेळी लिहिलं तर मात्र कॉम्प्युटर कुणाचंच खोडत नसे, दुसरी प्रत बाजूला ठेवी. तो घोळ नको म्हणून उर्वशीनेच रीत घालून दिली होती: फाईल उघडली की एक मिस कॉल, मिटली की दोन. तोवर दुसरीने हात लावायचा नाही.

सोमवारी ताईंचा एक मिस कॉल आला. उर्वशीला अहवाल पाठवायची घाई होती. ताईंना एकेक आकडा टाइप करायला युगं लागतात, कुठे थांबत बसा, असं म्हणत तिने फाईल उघडलीच. संध्याकाळी फोल्डरात जवळजवळ एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या. आत न बघता तिने दुसरी पुसली.

बुधवारी पांढरकवड्याच्या ऑफिसातल्या बैठकीत संस्थेचे प्रमुख देवराव सर यांनी पडद्यावर तक्ता लावला. झरीकडच्या अकरा गावांपुढचे रकाने कोरे होते.

"बेबीताई, दोन दिवस झोपा काढल्या का?"

"भरले होते सर मी."

"मंग काय उंदरानं खाल्ले?"

सगळे हसले. उर्वशीही हसली, आणि हसता हसताच तिला ती दुसरी फाईल आठवली.

चहाची सुट्टी होताच तिने कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली. अकराही गावं तिथे होती. आठ पतंग म्हणजे धोका. एका गावात एकतीस पडले होते, आणि दोन दिवस त्या गावाला कुणी काही कळवलं नव्हतं. ती व्हरांड्यात ताईंकडे गेली.

"ताई, मिस कॉल दिला होता हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुमच्या फोनात दिसत असन न मॅडम. मले वाटलं, तुम्हीच सांगसान."

उर्वशीला त्यांच्याकडे बघवेना. ते एकतीस पतंगांचं गाव तिने कसंबसं सांगितलं. बेबीताई लगेच फोन लावायला अंगणात उतरल्या.

बैठक पुन्हा बसली तशी उर्वशी उभी राहिली.

"सर, ते आकडे माझ्याकडून गेले."

"अवो मॅडम, होते असं. मशीन आहे शेवटी."

"मशीनने दोन्ही प्रती ठेवल्या होत्या. मी एक पुसली. ताईंचा मिस कॉल आलेला असताना फाईल उघडली."

कुणी हसलं नाही. "बरं बरं, बसा," सर मऊपणाने म्हणाले. तो मऊपणा तिला झोंबला. ताईंच्या वाट्याला उंदीर आला होता.

ती बसली नाही. ताई अजून बाहेरच बोलत होत्या. त्यांनी यातलं काहीच ऐकलं नव्हतं. त्या आत आल्या की सगळ्यांपुढे हे पुन्हा, पहिल्यापासून सांगायचं होतं.