शिडीवर कोण आहे?

घराच्या भिंतीचा रंग उडाला तरी आपल्याला वर्षानुवर्षं दिसत नाही. पाहुणे यायचं ठरलं की मात्र एका रात्रीत दिसायला लागतो! मंडळी, नाही म्हणू नका, तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरची हीच गत आहे.

घाईसाहेबांचंही तेच झालं. हे नाव त्यांना बस डेपोतल्या लोकांनी दिलेलं. गाड्या वेळेवर सोडता सोडता ते निवृत्त झाले, पण पायाची भिंगरी काही थांबली नाही. त्यात मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं रविवारी पहिल्यांदाच घरी येणार होती. घराची पुढची बाजू ठीक होती. मागच्या भिंतीला मात्र थेट वरच्या मजल्यापर्यंत पोपडे आले होते, आणि तिच्या पायथ्याचा लाकडी ओटा ऊन-पाऊस खाऊन काळा पडला होता. पाहुण्यांना चहाला नेमकं तिथेच बसवायचं होतं.

त्यांनी रंगकामाच्या कंत्राटदार बाईंना बोलावलं. बाईंनी सगळं नीट पाहिलं.

"आधी बांबूंची परांची बांधू. माणसं कमरेला पट्टा लावून तिच्यावर उभी राहतील. भिंत वाळली की मग ओट्याला पॉलिश. रविवारपर्यंत नाही व्हायचं, साहेब."

"अहो, दोन्ही एकदम करा की! शिडीवरून भिंत रंगवा आणि खाली पॉलिश चालू द्या!"

"ओल्या पॉलिशवर शिडी? नाही जमणार. माझी माणसं आहेत ती."

"मग राहू द्या!" घाईसाहेबांनी त्यांना वाटेला लावलं. शुक्रवारी सकाळी चौकात जाऊन काम शोधत उभ्या असलेल्या दोन रंगाऱ्यांना घेऊन आले, आणि घरातली जुनी शिडी स्वतःच ओढून भिंतीला लावली. एक रंगारी ओट्याला पॉलिश मारायला बसला. दुसरा, वयाने मोठा, शिडीच्या पायाशी घुटमळला.

"साहेब, ओटा आज राहू द्या. ओल्यात शिडीचा पाय ठरायचा नाही."

"गोणपाट टाका खाली. काही होत नाही!"

रंगाऱ्याने एकदा वर पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं. दुसरं काम शोधायची वेळ निघून गेली होती. तो चढला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको हे बघत होती. ती निवृत्त नर्स. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, त्यामुळे चारचौघांत तिला काय हाक मारावी हा घाईसाहेबांचा जन्माचा प्रश्न होता.

"अहो, तो माणूस इतका वर चढलाय आणि कमरेला साधा दोर नाही!"

"त्यांना सवय असते गं."

"सवय? हाडांच्या वॉर्डात आयुष्य गेलं माझं. वरून पडून यायचे ते सगळे सवयीचेच असायचे! सवयीने कुणाचं हाड लोखंडाचं होत नाही."

"शुभ बोल जरा! थोडक्या वेळाचं तर काम आहे."

"आणि पडायला काय वेळ लागतो? त्या बाईंनी नाही म्हटलं, कारण ती माणसं त्यांची होती. हा तुमचा कुणी लागत नाही, म्हणून चढवलात. आपल्या घरातलं कुणी असतं तर चढवलं असतंत का?"

घाईसाहेबांनी उलट आवाजच चढवला. मग फाटकापर्यंत जाऊन आले, उशा सारख्या केल्या, पुन्हा फाटकाशी गेले. मन काही थाऱ्यावर येईना. शिडीकडे बघायचं मात्र ते टाळत होते.

दुपारी होणारा जावई अचानक हजर! रविवारची तयारी चालली असेल, म्हटलं हातभार लावावा, असं सिस्टरना सांगून तो थेट मागे गेला. मोठा रंगारी पाणी प्यायला खाली उतरला होता. उत्साही पोराने त्याचा ब्रश उचलला आणि "अहो, थांबा" असं रंगारी म्हणेपर्यंत शिडीचं टोक गाठलं.

घाईसाहेब मागे आले आणि वर बघून ओरडले.

"उतरा! जावईबापू, आधी खाली उतरा! शिडी घसरेल!"

"काही होत नाही, काका!"

तेवढ्यात गोणपाट सरकलं. शिडीचा पाय सुर्रकन घसरला. दोन्ही रंगाऱ्यांनी धाव घेतली आणि अंगाचा भार टाकून शिडी दाबून धरली. पोरगा पांढराफटक पडून एकेक पायरी उतरला. घाईसाहेब ओल्या पॉलिशवरच मटकन बसले.

"अहो, खाली ओलं, कमरेला दोर नाही, असं कुणी चढतं का? जीव गेला असता!"

"सकाळपासून त्याच शिडीवर एक माणूस होता की," दारातून सिस्टर म्हणाली.

घाईसाहेबांनी मान वळवली. मोठ्या रंगाऱ्याचे हात अजून शिडीवर घट्ट होते.

"तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं, साहेब."

अरे देवा! खरंच सांगितलं होतं. ऐकायचं कुणी नव्हतं!

घाईसाहेब उठले. विजार पॉलिशने माखली होती, पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी हात जोडले. "चुकलो मी. काढा ती शिडी." दोघांना दिवसाची पूर्ण मजुरी दिली आणि कंत्राटदार बाईंना फोन लावला. "बाई, परांची बांधा. लागेल तेवढा वेळ घ्या. आणि जमलं तर या दोघांनाही तुमच्या माणसांत घ्या, पट्ट्यासकट."

रविवारी पाहुणे आले. मागची भिंत अर्धीच रंगलेली. घाईसाहेबांनी काही न लपवता सगळं सांगितलं. सोयरीक मोडली? छे! होणारी विहीण म्हणाली, "भिंत काय, पुढच्या खेपेला बघू. माणसं धड आहेत ना?"

मंडळी, घर जरूर रंगवा. जाणती माणसं बोलवा, त्यांना पुरेसा वेळ द्या, आणि ती नाही म्हणाली तर त्या 'नाही'चा मान ठेवा. आपलं माणूस शिडीवर दिसलं की "उतरा!" अशी किंकाळी आपोआप फुटते, ती कुणी शिकवावी लागत नाही. दुसऱ्याच्या माणसासाठीही ती फुटली पाहिजे, आणि तीही त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी.