माझ्या डोळ्यावरची टिकली

मित्रांनो, मी आहे वारज्यातल्या एका फ्लॅटमधला जुना लॅपटॉप. झाकण करकरतं, बॅटरी केव्हाच गेली. पण आठवणी शाबूत आहेत बरं का!

प्रज्ञेशबाबा खराडीला आयटीत आहेत. त्यांनी माझ्यात मुक्त सॉफ्टवेअर घातलं, म्हणजे ज्याच्या आत काय चालतं ते कुणालाही तपासता येतं असं. "हा हळू चालेल, पण कुणाकडे चुगल्या करणार नाही," असं ते ऐटीत सांगायचे. सत्यशीलाआई रोज आरशाला टिकली चिकटवतात ना, तशीच एक त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावर लावली. "उगाच कुणी बघायला नको!" काय रुबाब होता माझा!

त्यांची मुलगी चैताली माझ्यावरच टायपिंग शिकली. दहावीत तिला फोन मिळाला आणि मी कपाटावर गेलो. क्लासच्या नोट्ससाठी तिने एक फुकट अ‍ॅप घेतलं. त्याने विचारलं, कॅमेरा वापरू? तू कुठे आहेस ते सगळ्यांना दाखवू? तिने न वाचताच होय, होय, होय केलं. टिकलीच्या कडेतून वरून बघताना मी गारच पडलो.

काल ती क्लासहून आली ती पांढरीफटक पडून. अनोळखी माणसाचा मेसेज होता : 'आज पुलाखालून एकटीच? मैत्रीण कुठाय?'

बाबांनी अ‍ॅप उघडलं. नकाशावर क्लासमधल्या प्रत्येक मुलीचा ठिपका हलत होता, आणि अ‍ॅपवरच्या क्लासच्या ग्रुपमध्ये कुणीही शिरू शकत होतं.

"आत्ताच्या आत्ता काढून टाक हे!"

"बाबा, अख्खा क्लास यावर आहे. मी एकटीनेच बाहेर बसू?"

"आणि अहो, तुमची ती जेवण मागवायची अ‍ॅपं? ती काय डोळे मिटून येतात?" आई म्हणाल्या.

बाबांनी चौकीत तक्रार दिली, नंबर ब्लॉक केला; अ‍ॅप मात्र राहिलं. चैतालीने आईची टिकली फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. वेडी! नकाशावरच्या ठिपक्याला कुठे कॅमेऱ्याचा डोळा लागतो?

आज बाबा तिला स्वतः घेऊन आले. चप्पल काढते न काढते, तोच नव्या नंबरवरून मेसेज : 'आज बाबांच्या गाडीवर? छान.'

मित्रांनो, मला वापरू नका हवं तर. पण 'होय' म्हणण्याआधी, आपण दार कुणाला उघडतोय ते एकदा तरी वाचा.

चैतालीचं बोट 'काढून टाका'वर आहे. पण उद्या चाचणी आहे, आणि नोट्स त्यातच आहेत. बोट तसंच थांबलंय.

दाब ना गं, चैताली!