उजवीकडचे मनमाड

“बाबूसाब, आता हे निघत नाय,” इब्राहीमभाई म्हणाले आणि फळीवरचा मालधक्का बोटाने ढकलून दाखवला. तो जागचा हलला नाही. तळहाताएवढी पुठ्ठ्याची इमारत, पण फळीला अशी धरून बसली होती की जणू तिथेच उगवली असावी.

मी फळीकडे पाहत राहिलो. लांबीला चार हात, तिच्यावर काळ्या शाईने ओढलेले दोन रूळमार्ग, आणि कडेने ओळीत पाच इमारती. विटा, खिडक्या, छपरांची कौले, सगळे कागदावर छापूनच आलेले; इब्राहीमभाईंनी ते कापले होते, मागून पुठ्ठा लावून जाड केले होते, घड्या हाडाच्या पट्टीने अशा पाडल्या होत्या की एकही कोपरा पांढरा पडला नव्हता. काम नजर लागण्यासारखे झाले होते. फक्त उलटे झाले होते.

कागदांवर एक ते पाच आकडे होते. एक म्हणजे मालधक्का, मग स्टेशन, मग सिग्नलची केबिन, पाण्याची टाकी आणि शेवटी गेटवाल्याची चौकी. ही ओळ डावीकडून लावायची होती. खालच्या सूचना इंग्रजीत होत्या, त्या इब्राहीमभाईंना वाचता येत नव्हत्या. आकडे मात्र येत होते. शहागंजातल्या या दुकानात त्यांनी चाळीस वर्षे उर्दू किताबांना जिल्द बांधली होती. एक नंबर त्यांनी उजवीकडे लावला.

“किताब तिथूनच तर सुरू होते,” ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हळू आवाजात, “नाय का?”

मला काही बोलता आले नाही. त्यांना तो राग वाटला असावा. खरे तर मला कुठेच काही बोलता येत नसे, आणि त्यावरच सगळे अडले होते.

औरंगाबाद स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मला अकरा वर्षे झाली होती. असिस्टंट स्टेशन मास्तरच्या परीक्षेला मी दोनदा बसलो. लेखी पेपरात दोन्ही वेळा वरचा नंबर. तोंडी परीक्षेत दोन्ही वेळा नापास. नियमांचे पुस्तक मला पाठ होते, त्यातला स्टेशनचा नकाशासुद्धा डोळे मिटून काढता येत होता: डाव्या हाताला मनमाड, मग मालधक्का, मग स्टेशन. पण माझे पाठांतर मनमाडपासून सुरू व्हायचे. साहेबांनी मधलेच काही विचारले की मला मनात पुन्हा मनमाडला जाऊन तिथून निघावे लागे. मी येईपर्यंत साहेब पुढच्या उमेदवाराला हाक मारत. तिसऱ्यांदा नापास झालेल्याला पुन्हा बसता येत नसे. म्हणजे मग जन्मभर पार्सल ऑफिस. ही माझी तिसरी वेळ होती आणि परीक्षा अठरा दिवसांवर आली होती.

कापून स्टेशन उभे करायचे ते कागद एका इंग्रज इंजिनियरचे. बदली होऊन जाताना त्याच्या सामानातले काहीबाही ऑफिसात वाटले गेले. कुणी घड्याळ घेतले, कुणी छत्री. हा लांब लिफाफा कुणालाच नको होता. कागद आहेत ना, मग श्रीनिवासला द्या, असे म्हणून तो माझ्याकडे आला. मला वाटले, समोर खरेच एखादे स्टेशन उभे असले तर कदाचित तोंड उघडेल. चौतीस वर्षांच्या माणसाला शोभणारा विचार नव्हता, म्हणून तो फक्त बायकोला, अनसूयेला सांगितला. ती म्हणाली, “पार्सलाशी बोलता तसं त्याच्याशी बोला. ते बी उलटून बोलणार नाय.”

आधी मी स्वतःच करून पाहिले होते. इब्राहीमभाई आमच्या ऑफिसच्या वह्या बांधत, त्यांना कृती विचारली. ते कामात होते, मान वर न करता म्हणाले, “कोपऱ्याला लई लावायची अन् दाबून धरायचं.” मी घरी जाऊन डिंकाची अख्खी वाटी एका चौकीवर ओतली. सकाळपर्यंत ती फुगून पुरीसारखी झाली. ती घेऊन गेलो तेव्हा इब्राहीमभाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांच्या बोलीत लई म्हणजे कणकेची खळ, आणि माझ्या बोलीत पुष्कळ. नशिबाने लिफाफ्यात चौकीचे कागद दोन होते. “द्या इकडं,” ते म्हणाले. “तुमी किताबं वाचायची, बांधायची मी.”

आणि त्यांनी हे बांधले होते. खळीत मोरचूद घालून, कीड लागू नये म्हणून. आता ते उचकटायचे म्हणजे फाडायचेच. इब्राहीमभाई मजुरीचे नाव काढू देईनात. फळी त्यांनी स्वतः टांग्यात ठेवून दिली आणि टांगा वळेपर्यंत दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. चांगले झाले आहे, एवढे तरी मी म्हणायला हवे होते. ते मला टांगा निघाल्यावर सुचले.

घरी फळी भिंतीशी ट्रंकांवर मांडली. काडेपेट्यांची गाडी केली. अनसूया झाली पलीकडचे स्टेशन. तिला नियम ठाऊक नव्हते, वाचता येत नव्हते. ती पोळ्या लाटता लाटता मनात येईल ते विचारायची.

पहिल्या दिवशी मी सुरुवात केली: मनमाडकडून गाडी निघाली आहे, डावीकडे मालधक्का... 

“अहो, मालधक्का तर उजवीकडं हाय,” ती म्हणाली. “तुम्ही भिंतीकडं बघून काय सांगताय?”

मी पुन्हा सुरुवात केली. तोंड डावीकडे म्हणे आणि बोट उजवीकडे जाई. दोन-तीन वाक्यांत सगळे पाठांतर एकमेकांवर आदळून पडले. इब्राहीमभाईंनी माझी उरलीसुरली आशाही चिकटवून टाकली, असे मला त्या संध्याकाळी वाटले.

“बरं, ते ऱ्हाऊ द्या,” अनसूया म्हणाली. “गाडी हितं आलीय आन् म्हैस आडवी आली. आता?”

“ते नियमांत नाही.”

“मग म्हशीला तसं सांगा.”

मला हसू आले. आणि हसता हसता मी पहिल्यांदा फळीकडे नीट पाहिले. गाडी सिग्नलच्या बाहेर होती. म्हैस रुळावर. सिग्नल पाडायचा नाही, म्हणजे गाडीला वाट द्यायची नाही, गेटवाल्याला पाठवायचे, रूळ मोकळा झाल्याचे त्याने येऊन सांगेपर्यंत गाडी तिथेच. मी तसे म्हणालो. मध्ये एकदाही मनमाडला गेलो नाही.

त्यानंतर रोज तेच चालले. अनसूयेचे प्रश्न संपत नसत. रुळांचे सांधे फिरवणाऱ्या सांधेवाल्याला विंचू चावला तर. मालगाडीतून बैल उतरून पळाला तर. कुठल्याच प्रश्नाचे उत्तर पुस्तकात जसेच्या तसे नव्हते, आणि पाठ केलेले तर इथे उलटेच पडत होते. पाहण्यावाचून उपाय राहिला नाही. मी पाहायचो, आणि जे दिसेल ते सांगायचो. अडखळायचो, पण पोहोचायचो.

परीक्षा औरंगाबादलाच होती. हैदराबादहून आलेले एक वयस्क साहेब, मेहंदी लावलेली दाढी, समोर टेबल, टेबलावर नकाशा. मी खुर्चीवर बसलो, नकाशाकडे पाहिले आणि दचकलो. मनमाड उजवीकडे होते.

नकाशा साहेबांच्या बाजूने सरळ ठेवलेला होता. म्हणजे समोर बसणाऱ्याला तो उलटाच दिसणार. आधीच्या दोन्ही वेळी तो असाच असणार. मी मान वर करून तो पाहिलाच नव्हता.

साहेबांनी विचारले, पॅसेंजर बाहेरच्या सिग्नलपाशी उभी आहे, मालगाडी लूपमध्ये, बाजूच्या रुळावर आहे, आणि सांधेवाला येऊन सांगतो की सांधा नीट बसत नाही. आता काय कराल?

मी पाहत होतो. मालधक्का कुठे, सांधा कुठे, सांध्यापासून स्टेशन किती लांब. वेळ गेला असावा.

“बोलिए,” साहेब म्हणाले.

“देख रहा हूँ, साब.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली. मी सांगू लागलो. पॅसेंजर तिथेच राहील. सांध्याकडे मी स्वतः जाईन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन, सांधा बसवून त्याला कुलूप घालून घेईन. साहेबांनी मध्येच अडवले. तुम्ही तिकडे गेलात तर टेलिफोनवर कोण बसणार?

“कोणी नाही, साब. तोवर मी दुसरी गाडी घेणारच नाही.”

“किताब में ऐसा लिखा है?”

“या शब्दांत नाही,” मी म्हणालो. माझा आवाज कापत होता, पण तो येत होता.

साहेबांनी लेखणी पुन्हा उचलली. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली. मी बाहेर आलो तो नापास झालो असे समजूनच.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. मी आधी शहागंजात गेलो. इब्राहीमभाई फळी दिल्या दिवसापासून मला चुकवत होते, असे त्यांनीच सांगितले. मला दुरून पाहिले की आत जाऊन बसत. मी पास झाल्याचे, आणि परीक्षेत तो नकाशा कसा ठेवलेला होता ते सगळे सांगितले. इतके सलग मी त्यांच्याशी कधीच बोललो नव्हतो. ऐकून त्यांनी हातातली सुई किताबात खोचली.

“चाळीस सालांत उलटी बांधलेली किताब,” ते म्हणाले, “पहिल्यांदा कुणी वाचली बघा.”

नेमणूक जालन्याच्याही पुढच्या एका लहान स्टेशनवर झाली. एक खोली, एक टेलिफोन, कडूबा नावाचा सांधेवाला, आणि पलीकडे लिंबाखाली आमचे राहण्याचे क्वार्टर. मोठे मास्तर मला चार दिवस काम दाखवून रजेवर गेले. पाचव्या दिवशी सकाळी मी एकटा होतो. टेलिफोन वाजला. पलीकडचा मास्तर घाईत होता, गाडी सोडायची होती, लाइन मोकळी आहे का विचारत होता. मी त्याला थांबायला सांगितले. बाहेर आलो, दोन्ही बाजूंना पाहिले, कडूबाने हात वर केला. आत येऊन मी फोन उचलला. तारेत खरखर होती, म्हणून मोठ्याने बोलावे लागले. गाडीचा नंबर सांगितला, वेळ सांगितली, लाइन क्लियर दिली, माझे नाव सांगितले. त्याला नाव ऐकू आले नाही. मी ते पुन्हा सांगितले.

अनसूया तेव्हा क्वार्टरच्या दारात धुणे पिळत होती. हे मला पुढे कडूबानेच सांगितले. तिने त्याला विचारले, आत एवढ्या मोठ्यानं कोण साहेब आलाय.

“कोनी नाय बाई,” तो म्हणाला. “आपलं मास्तरच हायती.”

ती तशीच उभी राहिली. हातातल्या लुगड्यातून पाणी गळत होते. मग गाडीचा धूर दिसू लागला तेव्हा तिने ते लुगडे पुन्हा एकदा पिळले आणि दोरीवर टाकले.