एका थेंबासाठी समुद्रापार

मी टीटी बोलतोय, दूर दक्षिण समुद्रातल्या राकिउरा बेटावरच्या हुहानाचा बोका. अंगाने राखाडी, एके काळी पोटाने सुटलेला, वय आठ वर्षं. टीटी हे खरं तर इथल्या एका समुद्रपक्ष्याचं नाव. हुहानाची माणसं दर एप्रिलात लहान बेटांवर जाऊन ते पक्षी धरतात आणि मिठात मुरवून बादल्या भरून आणतात. मी तिच्याकडे आलो तेव्हा त्या पक्ष्याच्या पिल्लासारखा नुसता लवेचा गोळा होतो, म्हणून हे नाव पडलं.

आमचा शेजारी डूगल मासेमारी करतो आणि फावल्या वेळात रानात सापळे लावतो. उंदरांसाठी आणि सुटलेल्या मांजरांसाठीही. मांजरं इथले किवी पक्षी मारतात हे खरंच आहे, मी कशाला नाकारू? म्हणून तर मी घराबाहेर पाऊल टाकत नाही. तरी डूगल कुंपणावरून टोमणा मारल्याशिवाय राहत नसे.

"हुहाना, पक्ष्याचं नाव ठेवलंस म्हणून मांजर पक्षी होत नाही हं! एकदा बाहेर दिसू दे, माझ्या सापळ्यात गेलाच म्हणून समज."

"तुझ्या सापळ्यात त्याचं पोट तरी मावणार आहे का रे?"

दोघंही साठीच्या पुढची. असं बोलल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

गेल्या वर्षी हुहाना त्या पक्ष्यांसाठी सहा आठवडे लहान बेटांवर होती. तिचा चुलतभाऊ येऊन माझा वाडगा कोरड्या दाण्यांनी भरून जाई. पाण्याच्या भांड्यात धूळ तरंगायची, ती काही त्याला दिसली नाही. आम्हा मांजरांना तहान मुळातच कमी लागते. मीही ते पाणी पीत नव्हतो.

हुहाना परत आली ती बादल्या घेऊन. त्या ठेवायला जागा हवी म्हणून बोळातला माझा वाळूचा ट्रे तिने उचलला आणि कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी नेऊन ठेवला. ते यंत्र घरघरायला लागलं की माझे केस उभे राहत. मी लघवी रोखून धरायला लागलो.

आठ-दहा दिवसांनी मागच्या बाजूला आग व्हायला लागली. वाळूत बसलो की आग, म्हणून मला वाळूच वैरीण वाटू लागली. एका सकाळी मी न्हाणीघरातल्या गार टबमध्ये जाऊन लघवीला बसलो.

"अरे मेल्या!" हुहाना दारातूनच कडाडली. "मी गेले होते म्हणून सूड उगवतोस होय? बस आता इथेच!" आणि तिने न्हाणीघराचं दार बाहेरून लावून घेतलं.

दिवसभर मी आत होतो. बसायचो, कुंथायचो, उठायचो, परत बसायचो. संध्याकाळी तिने दार उघडलं तोवर तिचा राग उतरला होता. मला कुंथताना पाहून म्हणाली, "पोट साफ होत नाहीये वाटतं." तिने चमचाभर तेल माझ्या तोंडात ओतलं. घरोघरी हीच चूक होते, हे पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अन्नाला तोंड लावलं नाही. तिने उचलायला हात घातला तसा मी ओरडलो. तसं मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. मग तिची नजर टबात गेली. तिथे मसुराच्या दाण्याएवढा गुलाबी डाग होता.

तिने समुद्रापलीकडे इन्व्हरकार्गिल शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर सीना यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"शेवटची लघवी कधी केली त्याने?"

"नक्की नाही सांगता येत. काल सकाळपासून तरी नाही."

"पोटाला हलकेच हात लावा. दाबू नका. काय लागतंय?"

"गोळा लागतोय. संत्र्याएवढा. कडक आहे हो!"

"त्याची लघवी तुंबलीय. बोक्यांची वाट अरुंद असते, बारीक खड्यांनी बुजते. मूत्रपिंडं आत्ताच बिघडायला लागली असतील. आज घेऊन या. उद्या म्हणू नका."

पण त्या दिवशी नैर्ऋत्येकडून वारा सुटला होता. प्रवासी बोट रद्द झाली होती. छोटं विमानही उडणार नव्हतं. हुहानाने मला पिंजऱ्यात घातलं आणि ती तशीच धक्क्यावर गेली. तिथे डूगल आपल्या बोटीचे दोर दुहेरी बांधत होता.

"डूगल, पलीकडे नेशील?"

"या वाऱ्यात? कोणाला?"

तिने पिंजरा वर धरला. डूगलने आत हात घालून दोन बोटं माझ्या पोटाला लावली आणि लगेच काढून घेतली.

"आयला, दगड झालाय याचा."

"तुला मांजरं आवडत नाहीत, ठाऊक आहे मला..."

"मांजर रानात नको म्हणतो मी. कुंथून मरावं असं कधी म्हटलं? चढ वर. आणि ते जाकीट घाल आधी."

तो समुद्र मी पाहिला नाही, अंगाने सोसला. बोट वर जायची आणि धाडकन खाली आपटायची. प्रत्येक आपटीला माझ्या पोटात सुरी फिरायची. मी दोनदा ओकलो. हुहाना पिंजरा मांडीत आवळून बसली होती. जाळीतून एक बोट आत घालून माझा कान चोळत होती.

"चुकलं रे माझं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "दार लावून घेतलं मी. दिवसभर कोंडलं तुला."

अर्ध्या वाटेत मला गार वाटायला लागलं. दुखणं लांब गेलं. ओरडावंसंही वाटेना.

"डूगल, हा गप्प झालाय!"

"मग बोलतं ठेव त्याला! शिव्या दे, काहीही कर!" तो सुकाणूवरून ओरडला. "अर्धा तास. अर्धाच तास!"

पलीकडच्या ब्लफ बंदरात डूगलची जुनी गाडी उभी असते, तिच्यातून आम्ही दवाखान्याकडे निघालो. त्यापुढचं मला आठवत नाही. हुहाना फोनवर सगळ्यांना सांगते तेच सांगतो. डॉक्टर सीनांनी ठोके ऐकायची नळी छातीला लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. ठोके फार मंद पडले होते. लघवीतून जायचं ते सगळं रक्तात साचून हृदयाला बाधत होतं. त्यांनी आधी हृदयासाठी सुई दिली, मग मला झोपवून लघवीच्या वाटेत बारीक नळी घातली. वाळूसारखे खडे निघाले आणि त्यामागून लाल पाणी.

मी जागा झालो तेव्हा गळ्यात मोठी कॉलर होती, पायात सलाईन. तिसऱ्या दिवशी नळी काढली आणि चार तासांत मी पुन्हा तुंबलो.

पुन्हा झोपवलं, पुन्हा नळी घातली. त्यानंतर डॉक्टर सीना माझ्या पिंजऱ्यासमोर हुहानाशी हळू आवाजात बोलल्या.

"मूत्रपिंडांचा बराच भाग गेलाय. तो परत येणार नाही. या वेळीही नळी काढल्यावर तुंबला तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि ती त्याला झेपेलच असं नाही. त्याला त्रासातून सोडवायचं म्हणालात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही."

हुहानाने मागे वळून पाहिलं. डूगल दाराशी उभा होता. वारा पडला तरी तो बेटावर परतला नव्हता.

"तूच सांग, काय करू?" तिने त्याला विचारलं.

"मी कोण सांगणार? बोका तुझा." तो घुटमळला. "पण त्याने डोळे मिटलेले नाहीत अजून."

"नळी काढल्यावर एक दिवस बघू," हुहाना म्हणाली. "एकच."

नळी निघाली. दोघंही समोर बाकावर बसून माझ्याकडे बघत राहिली. कोणी असं टक लावून बघत असताना लघवी करणं सोपं नसतं, पण हे त्यांना कसं सांगणार? दुपारी मी वाळूत उतरलो. खूप वेळ काहीच झालं नाही. हुहानाने डूगलची बाही गच्च धरली होती. मग माझ्या पायांखालची वाळू ओली झाली. आधी थोडी, मग भरपूर.

डूगल टोपी काढून भिंतीकडे वळला. हुहाना रडत होती आणि त्याच बाहीला नाक पुसत होती.

आज त्याला वर्ष होत आलं. दाणे बंद झाले, आता ओलं अन्न असतं. पाण्याची चार भांडी चार ठिकाणी, रोज धुतलेली. ट्रे दोन आणि दोन्ही शांत कोपऱ्यात. आठवड्यातून दोनदा हुहाना माझ्या मानेच्या कातडीखाली सुईने पाणी सोडते आणि डूगल मला धरतो. धरताना शिव्या देतो, पण हात मात्र हलके असतात. माझी मूत्रपिंडं अर्ध्याहून कमी उरलीत. किती दिवस पुरतील ते डॉक्टर सीनांनी सांगितलं नाही, हुहानानेही विचारलं नाही. मी बारीक झालोय. ऊन आलं की खिडकीत पडून राहतो.

तुमच्या घरात माझ्या जातीचं कोणी असेल तर माझं एवढं ऐका. ते सूड घेत नाही. नको तिथे लघवी केली, वाळूत सारखं बसू लागलं, बसून रिकामंच उठलं, तर दार लावून घेण्याआधी त्याच्या पोटाला हलकेच हात लावून बघा. कडक लागलं तर चपला घालायलाही थांबू नका.