पुतळ्याचं बोट

हार घेऊन आला असाल तर परत न्या. मी चौकातला नव्हे, कपड्यांच्या दुकानातला, काचेआडचा पुतळा बोलतोय.

मला घडवताना कारागिराला काय लहर आली कोण जाणे, माझ्या उजव्या हाताचं एक बोट त्यानं पुढे काढून ठेवलं. त्या बोटापायी मला कोणी घेईना. आमच्या शेठनी मात्र घासाघीस करून निम्म्या भावात उचललं. "बोटच दाखवतोय ना? मग दाराकडे दाखवू दे," म्हणाले आणि माझा हात खांद्यातून फिरवून दाराकडे केला.

मला सजवायचं काम मास्तरांचं. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. मला कपडे चढवताना म्हणायचे, "जरा पोट आत घे की रे." त्यांनी माझ्यासाठी हिरव्या चौकड्यांचा शर्ट शिवला आणि उरलेल्या कापडात स्वतःलाही एक. बाकीचा तागा गल्लीनं हातोहात नेला.

पुढे गावातल्या एका नावाजलेल्या गायिकेचा खून झाला. टीव्हीवर तिच्या घराचा जिना उतरणारा एक पाठमोरा माणूस दिसला. अंगात हिरव्या चौकड्यांचा शर्ट. मास्तर तिचे कपडे शिवत, मापं घ्यायला तिच्या घरी जात. पोलिसांनी त्यांना बोलावलं, विचारपूस केली, सोडलं. पोलिसांनी सोडलं आणि लोकांनी धरलं.

शेठनी माझा शर्ट उतरवून कपाटात कोंबला. मास्तरांनी गळ्याचं माप घ्यायला टेप उचलली की गिऱ्हाईक म्हणे, "राहू द्या, जुन्याच मापाचा शिवा." कुणा टवाळानं माझं बोट मास्तरांच्या मशीनकडे वळवलं. मास्तर सकाळी ते मुकाट्यानं दाराकडे करत. संध्याकाळी ते पुन्हा त्यांच्यावरच रोखलेलं.

शेवटी शेठ चाचरत म्हणाले, "मास्तर, थोडे दिवस घरी थांबता का? माझा विश्वास आहे हो, पण धंदा..."

"घरी बसलो तर पळाला म्हणतील, शेठ."

मास्तर मशीनवर बसून राहिले.

परवा बातमी आली. खुनाचा आरोप गायिकेच्या मॅनेजरवर ठेवला गेला. समोरच्याच इमारतीत राहायचा तो. शर्ट त्याच्याच कपाटात मिळाला, आमच्याच ताग्यातला. दुकानानं हुश्श केलं. शेठनी सगळ्यांना चहा मागवला.

"मी पहिल्यापासून म्हणत होते, मास्तर त्यातले नव्हेत," शाळेतल्या बाई म्हणाल्या.

"म्हणूनच अर्धवट शिवलेला कोट परत नेलात वाटतं?" शेठनी विचारलं.

"तो काखेत घट्ट होत होता."

मास्तर हसले, इतके की ओठांतल्या टाचण्या सांडल्या. त्यांनी टेप उचलली. बाईंनी मान पुढे केली.

एवढ्यात शेजारचा औषधवाला म्हणाला, "आता त्या मॅनेजरच्या बायकोचं बघा. तिला ठाऊक नसेल होय?" आणि थट्टेथट्टेत त्यानं माझं बोट समोरच्या खिडकीकडे वळवलं. दोघंचौघं हसलेही.

मास्तरांनी टेप खाली ठेवली. "ते कोर्ट बघेल," एवढंच म्हणाले. माझा हात खाली ओढून त्यांनी विजारीच्या खिशात घातला आणि वरून दोन पक्के टाके मारले. मग कपाटातला तो शर्ट आणून माझ्या अंगात चढवला.

आता मी असा उभा असतो. जाणारे-येणारे म्हणतात, काय ऐटीत उभा आहे. या कधीही, निवांत माप द्या. दार कुठे आहे तेवढं मात्र तुमचं तुम्हीच शोधा.