तीन ओढींची पैज

खांदा मोडला तो माझ्याच चुकीने. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर शेवाळ असतं, हे एकवीस वर्षं मीच उतारूंना ओरडून सांगत आले आणि आपटले मीच. प्लास्टर घालून घरी आणलं तसं लेकाने सुरू केलं, "आई, आता बोट विकून टाक."

माझं डोकं फिरलं. ते फिरायला फार वेळ लागत नाही, सगळ्या धक्क्याला ठाऊक आहे. म्हटलं, "खांदा बरा होऊ दे. दोरीच्या तीन ओढींत इंजिन चालू करून दाखवते. नाही झालं तर खुशाल वीक!"

"ठरलं," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी एका हाताने भाजी निवडत बसले होते आणि एकदम धस्स झालं. बोटीची टाकी अर्धी भरलेली होती आणि मी पेट्रोलमध्ये औषध घातलंच नव्हतं.

बोट बरेच दिवस उभी राहणार असली की टाकीत ते औषध ओतायचं आणि दहा मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे ते नळीतून पार कार्बोरेटरपर्यंत पोचतं. नाहीतर पेट्रोल शिळं होतं, चिकट होतं, बारीक भोकं बुजतात. मग तीन काय, तीनशे वेळा दोरी ओढा! लेक मोटारींच्या गॅरेजात कामाला. असल्याच बाटल्या ओतून लोकांच्या गाड्यांची इंजिनं साफ करतो. त्याला हे कळलं नसेल? गालातल्या गालात हसत असणार मेला, असं मी धरून चालले. नुसतं सांगितलं असतं तरी त्याने जाऊन औषध घातलं असतं. पण माझी जीभ रेटेना.

चार महिने असेच गेले. डॉक्टरांनी हात मोकळा केला आणि शनिवारी सकाळी आम्ही मायलेक धक्क्यावर गेलो. नवरा गेल्यावर याच बोटीने आम्हाला जेवू घातलं. तिच्यावर बसले की कुठे जाऊ आणि कधी येऊ, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. ती गेली तर मी दिवसभर घरात बसून करणार काय?

पहिली ओढ. काही नाही. लेक पाण्याकडे बघत उभा.

दुसरी ओढ. इंजिन नुसतं खोकलं. खांद्यातली कळ पार मस्तकात गेली.

तिसऱ्या ओढीला दात-ओठ खाल्ले, आणि काय सांगू, इंजिन धडधडायला लागलं! काळा धूर नाही, आचके नाहीत. मी टाकीचं झाकण काढून वास घेतला. शिळ्या पेट्रोलचा आंबूस वास नावालाही नव्हता.

हे काम भोंग्याचंच, मला वाटलं. भोंग्या म्हणजे पलीकडचा बोटवाला. उतारूंवरून आमची रोज जुंपते. त्याला त्या बाटल्यांचं भारी वेड. "इंजिनाला टॉनिक पाजतोस का रे?" म्हणून मी त्याला कायम चिडवत आले. इंजिन बंद केलं, लेकाला तिथेच सोडलं आणि तरातरा त्याच्याकडे गेले.

"भोंग्या, फार उपकार केलेस रे बाबा."

"कसले? चार महिने तुझे उतारू माझ्या बोटीत बसत होते. तुझं इंजिन जगवायला मी काय वेडा आहे?"

"मग कोणी केलं?"

"अगं, तुझ्या पोराने! तू पडलीस त्याच आठवड्यात, रविवारी येऊन टाकी रिकामी केली. आधी बाटली ओतली, वर ताजं पेट्रोल भरलं, म्हणजे नीट मिसळतं. मग दर रविवारी यायचा आणि दहा मिनिटं इंजिन चालवायचा. म्हणाला, आईला बोललास तर याद राख."

मी परत आले ती पाय ओढतच.

"काय रे, तुला बोट विकायची होती ना?"

"अजूनही विकायचीय." तो माझ्याकडे बघेना. "तुझा हात कसा लोंबत होता ते मी पाहिलंय, आई."

"मग हा उपद्व्याप कशाला?"

"पैज तुझ्या खांद्याची होती. शिळ्या पेट्रोलने तुला हरवून बोट विकली असती, तर तुला तोंड कसं दाखवलं असतं?" मग हळूच म्हणाला, "दर रविवारी दोरी ओढताना वाटायचं, आज नाही चालू झालं तर किती बरं होईल. आणि चालू झालं की हायसंही वाटायचं."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. याच पोराला मी चार महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आईने लेकाचे आभार मानायचे नसतात म्हणे. मी मानले, चांगले मोठ्याने, भोंग्यालाही ऐकू जातील असे.

"बस कर, लोक बघतायत!" तो म्हणाला.

"बघू देत. चल, बस बोटीत."

इंजिन पुन्हा चालू केलं आणि आम्ही पाण्यात निघालो. तो माझ्यासमोर बसला होता. दोन्ही हातांनी त्याने बोटीचा काठ घट्ट धरला होता आणि नजर माझ्या खांद्यावरून हटत नव्हती. एकवीस वर्षांत कितीही उतारू ओरडले तरी मी कुणासाठी वेग कमी केला नव्हता. मी इंजिन हळू केलं, आणि त्याचे हात सुटेपर्यंत तसंच हळू चालवत राहिले.