पेद्रूच्या गाडीचं डावं चाक

मी एक जुना ब्रेक कॅलिपर आहे. नाव ऐकून नाकं मुरडू नका, मित्रांनो. गाडीच्या चाकामागे लोखंडाची एक गोल थाळी फिरत असते. ब्रेक दाबला की त्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडायचं आणि पाय उचलला की सोडून द्यायचं, एवढंच माझं काम. बारा वर्षं ते इमानाने केलं. मग माझ्यामुळे आरोंद्याच्या एका भल्या घरात भूत शिरलं. ते पाप आज तुमच्यापुढे कबूल करतो.

माझा जन्म भट्टीतला. साच्यात ओतलं, घासलं, पोटात गुळगुळीत दट्ट्या बसवला, त्यावर रबराची टोपी चढवली आणि एका छोट्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात मला जोडलं. ती गाडी पेद्रूने घेतली. पेद्रू बोटीवर स्वयंपाकी होता. बोट सोडून घरी परतला तो ही गाडी घेऊनच. रोज सकाळी विडी पेटवून तो मासे आणायला खाडीच्या धक्क्यावर जायचा. वाटेत रस्त्याच्या कडेला दगडी खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. तिथे ब्रेक दाबायचा, डावीकडे वळायचा, की समोर खाडी. एकदा त्याच वळणावर एक रेडकू आडवं आलं. मी असं काही धरलं की गाडी जागच्या जागी उभी! पेद्रूने खाली उतरून बॉनेटवर थाप मारली. "बरो आसा रे ब्रेक!" तो म्हणाला. थाप बॉनेटला मिळाली, पण शाबासकी माझी होती, हे मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच धक्क्यावर, मासे निवडता निवडता पेद्रू कोसळला. जागच्या जागी गेला. शेवटचा शब्द नाही की काही नाही. शेजारचा गुरुदास गाडी घरी घेऊन आला आणि अंगणातल्या माटवात, म्हणजे मांडवाखाली, उभी करून गेला. पेद्रूची बायको अ‍ॅनी त्या दिवसापासून धक्क्याकडे फिरकली नाही.

पण गाडीवर तिचा जीव! दर रविवारी चर्चहून आली की ती गाडी धुवायला घ्यायची. विहिरीतून कळशी काढायची आणि चाकांवर, टपावर सपासप पाणी मारायची. काच पुसताना पेद्रूला आठवड्याच्या बातम्या सांगायची. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची केळी माकडांनी खाल्ली. गाडी आरशासारखी चकचकीत झाली. पण ती जागची हलली नाही. आणि त्या विहिरीचं पाणी मचूळ, खाडी अगदी लागून ना! माझी रबराची टोपी फाटली, खारं पाणी आत गेलं, दट्ट्या गंजला. मला ओरडून सांगता आलं असतं तर! पण आमच्या जातीला वाचा नाही.

मग लेक डेलिशा परत आली. गोव्यात नर्स होती, ती आता सावंतवाडीच्या एका दवाखान्यात लागली. ती गाडी काढू लागली. पहिल्याच दिवशी शेजारच्या सीटवर, म्हणजे बरोबर माझ्या वर, अ‍ॅनी बसली होती. खुरसाकडे डेलिशाने ब्रेक दाबला, मी धरलं, आणि तिने पाय उचलला तरी मला सोडता येईना. गाडी आपसूक डावीकडे ओढली गेली, धक्क्याच्या रस्त्याला.

अ‍ॅनीने छातीवर खुरीस काढला. "बघितलंस गो? तुझो पपा! धक्क्यार न्हेवक बघता आमका."

त्यानंतर रोज तेच. खरं सांगायचं तर मी ब्रेक दाबला की सगळीकडेच ओढायचो, पण लक्षात राहायचा तो खुरसाकडचा फाटा. मी तापलो की करपल्याचा वास सुटायचा. अ‍ॅनी म्हणायची, पेद्रूच्या विडीचो वास. सकाळी गाडी हलताना मी 'टक्क' करून सुटायचो. ती म्हणायची, बसलो गाडयेत. गेली दोन वर्षं घासभर जेवणारी बाई आता हौसेने बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, करू लागली, आणि गाडीत बसली की सीटखाली बघून त्याची चव कशी झाली ते सांगू लागली. मित्रांनो, ती माझ्याशी बोलत होती. मला पेद्रू म्हणत होती. माझा थरकाप व्हायचा. मेलेल्या माणसाच्या नावाने हाका ऐकणं काय असतं, ते मी जाणतो.

डेलिशा शहाणी. एकदा तिने चाकावर पाण्याचा शिंतोडा मारला, तर चर्र झालं.

"ममा, पपा नाय तो. डावो ब्रेक धरता. सत्यवान मेकॅनिकाक दाखवया."

"कोणी हात लावूचो नाय," अ‍ॅनी म्हणाली. "एकदा मातयेत ठेवलंय तेका. परत घालवूचंय नाय मी."

आईच्या डोळ्यांतलं पाणी बघून डेलिशा गप्प बसली. तिथे ती चुकली. आईला जपता जपता ती रोज मरणावर बसून घाट्या उतरत होती.

पेद्रूच्या नावाची मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होती त्या दिवशी दोघी चर्चला निघाल्या. लांबचा उतार लागला. मी आधीच धरून बसलेला, रटरटत होतो. माझ्या उष्णतेने ब्रेकचं ऑइल उकळलं. डेलिशाने पेडल दाबलं, तर ते खाली तळालाच टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. खाली वळण, वळणावर शाळेची पोरं. "ममा, धर!" ती ओरडली. तिने हँडब्रेक खेचला आणि गाडी कडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, घासत नेली. पोरांपासून दहा हातांवर ती थांबली.

पोरं वाचली. अ‍ॅनीच्या कपाळाला टेंगूळ आलं. आणि ती ज्याला विडीचा म्हणायची तो वास गाडीभर कोंदला होता. अ‍ॅनीने तो वास नीट घेतला, लेकीकडे पाहिलं.

"ह्यो पेद्रू न्हय," ती म्हणाली. "पेद्रू आपल्या चेडवाक मारूक घेवचो नाय. सत्यवानाक बोलव."

सत्यवान मेकॅनिक गाडी ओढून गॅरेजात घेऊन गेला, मायलेकीही बरोबर गेल्या. त्याने चाक काढलं, दोन बोल्ट सोडले आणि मला बाहेर काढलं. दट्ट्या काही केल्या निघेना. शेवटी निघाला तो गंजाने माखलेला. सत्यवानाने मान हलवली.

"अ‍ॅनीबाय, गाडी खंयच्या पाण्यान धुवतास?"

"आमच्या बावीच्या."

"ती मचूळ मा?"

अ‍ॅनीने आपल्या हातांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ह्यां माझ्या हातान झालां?"

"उभ्या गाडयेक असांच जाता, बाय. लोखंडाक चालूक व्हया," सत्यवान म्हणाला. मोठ्या मनाचा माणूस!

तिने त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि मला पुसू लागली. "पेद्रूक न्हाणयतंय म्हणान तुका गंजयलंय मा रे मी!" म्हणाली, आणि हमसून हमसून रडली. मला पहिल्यांदाच कोणी पेद्रू म्हणून नव्हे, मी म्हणून हात लावला.

सत्यवानाने मला घासून लख्ख केलं. नवा दट्ट्या, नवं रबर, नवे पॅड घातले, सरकायच्या पिनांना ग्रीस लावलं. जुनं ऑइल काढून नवं भरलं, पाइपातली हवा काढली. हाताने चाक फिरवलं, तर ते भिरभिरत राहिलं.

घरी येताना खुरीस आला. डेलिशाने ब्रेक दाबला, मी धरलं. तिने पाय उचलला, मी सोडलं. वरची सीट श्वास रोखून बसली होती. आणि गाडी डावीकडे वळली!

"डेलिशा! परत ओढता गो!"

"नाय ममा. मीच वळयली. चल, धक्क्यार जावया."

अ‍ॅनी नको म्हणाली नाही. धक्क्यावर ती उतरली, पाण्यापर्यंत गेली. मग खाडीकडे बघून म्हणाली, "पेद्रू, येतंय रे." आणि मागे वळून चालत आली.

मित्रांनो, तुमची गाडी ओढू लागली, करपल्याचा वास सुटला, चाक तापलं, तर आधी चाक उघडून बघा. मेणबत्ती मागाहून लावा. आवडत्या वस्तूला नुसतं धुऊन पुसून ठेवू नका, तिला चालू द्या. मी आता धरतो आणि सोडतो. डेलिशा रोज घाटी उतरून सुखरूप घरी येते. अ‍ॅनी कधी शेजारी बसते, पण खाली बघून बोलत नाही. हेच योग्य आहे, मला कळतं. तरी सकाळी गाडी हलली की मी कान देऊन असतो, आज तिखलं कसं झालं ते कोणी सांगेल म्हणून.